तुमच्या मागे रांग उभी आहे
(विमानाने प्रवास करणाऱ्यांना खुले पत्र)

प्रिय प्रवासी बंधुभगिनींनो,



सरकारला आणि विमान कंपन्यांना पत्रे लिहिणारे पुष्कळ आहेत. मी हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. अनेक वर्षे मी केबिन क्रूमध्ये काम केले आणि नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात नव्या मुलामुलींना आणीबाणीत विमान रिकामे कसे करायचे ते शिकवले. विमान जमिनीवर थांबल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन मिनिटांत किती माणसे वाचणार, हे बरेचसे प्रवाशांच्या वागण्यावर ठरते. त्या दीड-दोन मिनिटांची तयारी करायला तुम्ही राजी नसता. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता गप्प राहवत नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले. एकच प्रवासी वाचला. तो आपत्कालीन दाराजवळ, ११ए क्रमांकाच्या सीटवर बसला होता. त्यानंतर कितीतरी दिवस शेजारीपाजारी, नातेवाईक, सोसायटीतली मंडळी मला दोनच गोष्टी ऐकवत होती. काही म्हणत, “आमच्या तिकिटात ११ए मिळेल का बघा ना.” बाकीचे म्हणत, “विमान पडल्यावर कोण वाचतंय? नशिबात असेल ते होणार.” दोन्ही बोलण्यांत समजूत एकच, की वाचणे-मरणे दैवाच्या हाती आहे आणि आपण करण्यासारखे त्यात काही नाही. माझे सगळे भांडण या समजुतीशी आहे.

११ए ही सीट प्रत्येक विमानात वेगळ्या जागी येते, त्यामुळे त्या क्रमांकात काही राखण नाही. आणि अहमदाबादसारखे, इंधनाने भरलेले विमान इमारतीवर आदळण्याचे अपघात हे सगळ्या अपघातांचे चित्र नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ ते २००० या काळातले तिथल्या विमान कंपन्यांचे अपघात तपासले. त्या विमानांतले ९५ टक्क्यांहून अधिक लोक वाचले होते. आग लागली, विमान मोडले, माणसे गंभीर जखमी झाली, अशा मोठ्या अपघातांपुरते पाहिले तरी निम्म्याहून अधिक लोक जिवंत बाहेर आले होते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला भर पावसात उतरणारे विमान धावपट्टी ओलांडून खाली दरीत गेले आणि त्याचे तुकडे झाले. १९० जणांपैकी २१ गेले, १६९ वाचले.

बहुतेक मोठ्या अपघातांत असे होते की विमान जमिनीवर किंवा जमिनीजवळ असते, आदळते, थांबते, आणि आतली बरीच माणसे जिवंत असतात. मग धूर येतो, आग येते, आणि पुढचा सगळा खेळ वेळेचा असतो. म्हणूनच मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता देताना एक कसोटी असते. निम्मी दारे बंद, दिवे गेलेले, फक्त आपत्कालीन दिव्यांचा उजेड, आणि अशा स्थितीत भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे झाले पाहिजे. २००६ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गला एअरबस ए३८० या प्रचंड विमानाची चाचणी झाली, तेव्हा ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर पडली. ती माणसे धडधाकट होती, कशासाठी आलो आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि बॅग काढायला कुणी थांबले नव्हते. विमान बनवणाऱ्याने आपला भाग सिद्ध करून दाखवला. उरलेला भाग तुमचा आहे.

तो भाग नीट पार पडला तर काय होते, ते जगाने २ जानेवारी २०२४ ला पाहिले. टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमान पेटले होते आणि त्यात ३७९ जण होते. आतली ध्वनिक्षेपक यंत्रणा बंद पडली म्हणून क्रूने हातातल्या भोंग्यांवरून ओरडून सूचना दिल्या. आठ दारांपैकी तीनच वापरता आली. तरी सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर आले, आणि मागे त्या विमानाचा कोळसा झाला. त्या प्रवाशांनी सामान जागेवर सोडले, सांगितले त्या दाराकडे गेले, एकमेकांना तुडवले नाही. जळत्या विमानात कुणी एकटा वाचत नाही. वाचते ती रांग, आणि ती सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या गतीने पुढे सरकते. तो सगळ्यात सावकाश माणूस तुम्ही होऊ नका, एवढेच या पत्राचे सार आहे. आता तक्रारी एकेक करून मांडते. प्रत्येक तक्रारीसोबत विनंतीही आहे.

पहिली तक्रार: तुम्ही सुरक्षेची माहिती ऐकत नाही. विमान निघण्यापूर्वी क्रू मधल्या वाटेत उभा राहून पट्टा, मास्क, लाईफ जॅकेट दाखवतो, दारांकडे हात करतो. त्या वेळी तुम्ही फोनवर शेवटचा निरोप देत असता, किंवा डोळे मिटून बसता. ‘दर वेळी तेच असते’ हे तुमचे म्हणणे खरे नाही. विमानाचा प्रकार बदलला की दारांची संख्या, त्यांच्या जागा, ती उघडण्याची पद्धत बदलते. सीट बदलली की तुमचे सगळ्यात जवळचे दार बदलते, आणि ते पुष्कळदा तुमच्या पाठीमागे असते. आलेल्या वाटेनेच परत जायचे ही माणसाची सवय असते. जीव घाबरला की सगळे पुढच्या दाराकडे धावतात आणि चार ओळी मागचे दार मोकळे राहते.

म्हणून बसल्या बसल्या एक काम करा. तुमच्या सीटपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती ओळी आहेत त्या मोजा आणि लक्षात ठेवा. धुरात डोळे उघडत नाहीत, तेव्हा सीटच्या पाठी हाताने चाचपत मोजत जावे लागते. २२ ऑगस्ट १९८५ ला इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर एका विमानाच्या इंजिनाने पेट घेतला. विमानाने जमीन सोडलेलीही नव्हती. तरी ५५ जण गेले, आणि त्यांतले बहुतेक धुराने गेले. जमिनीलगतचे मार्गदर्शक दिवे, लवकर पेट न घेणारी सीटची आवरणे, दाराजवळची वाढीव जागा, या सुधारणांना त्या काळातल्या अशा दुर्घटनांनीच वेग दिला. धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून, नाकातोंडाशी कापड धरून त्या दिव्यांच्या रेषेने जायचे असते.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी आम्ही सांगतो त्या बारीकसारीक गोष्टींवरूनही वाद होतात, म्हणून त्यांची कारणे सांगते. खिडकीची झडप वर करायला लावतो, कारण बाहेर कुठल्या बाजूला आग आहे हे दिसल्याशिवाय कुठले दार उघडायचे ते ठरत नाही. सीटची पाठ सरळ करायला लावतो, कारण ती मागे कललेली असली तर मागच्या माणसाला बाहेर पडता येत नाही. ट्रे बंद करायला लावतो, कारण आदळल्यावर तो पोटात घुसतो आणि नंतर वाट अडवतो. रात्री दिवे मंद करतो, कारण तुमचे डोळे आधीच अंधाराला सरावलेले हवेत. यातली एकही सूचना तुम्हाला त्रास द्यायला केलेली नसते.

दुसरी तक्रार: बॅग. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले विमान उतरताना धावपट्टीवर आपटले आणि पेटले. आत ३०० माणसे होती, बहुतेक आपलीच, भारतीय. आतले चित्रीकरण साऱ्या जगाने पाहिले. धूर भरतो आहे, क्रू ओरडून सामान सोडायला सांगतो आहे आणि माणसे वरचे कप्पे उघडून बॅगा काढत आहेत. सगळे ३०० जण वाचले. पण विमान थांबल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला एक अग्निशमन जवान गेला. ती नऊ मिनिटे हाताशी होती म्हणून सगळे निभावले. ती नेहमी मिळत नाहीत.

एका बॅगेने काय होते, ते पाहा. वरचा कप्पा उघडायला, बॅग ओढून काढायला पाच-सात सेकंद जातात आणि तेवढा वेळ मधली वाट पूर्ण बंद होते. दहा जणांनी तसे केले तर मिनिट गेले. बॅग घेऊन दाराबाहेरच्या आपत्कालीन घसरगुंडीवर उडी मारली तर ती पुढच्या माणसाच्या पाठीत बसते. चाकांनी किंवा टोकदार कडेने घसरगुंडी फाटली तर ते दार सगळ्यांसाठी बंद झाले. त्या बॅगेत पासपोर्ट असेल, लॅपटॉप असेल, लग्नाचे दागिने असतील. तुमच्या मागे सहाव्या ओळीत कुणाचे तरी तीन वर्षांचे मूल आहे. निवड या दोहोंत आहे.

पासपोर्ट, औषधे, चष्मा, फोन आणि थोडे पैसे उड्डाणापूर्वीच खिशात किंवा कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा, म्हणजे बॅगेकडे वळायची ओढच राहणार नाही. जाता जाता आणखी एक सांगते. पॉवर बँक वरच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानजवळच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात वरच्या कप्प्यातून आग लागली आणि १७६ जणांना घसरगुंड्यांवरून उतरवावे लागले. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. ती नजरेसमोर असली तर तापताना, फुगताना, धूर सोडताना लगेच कळते आणि क्रूला हाक मारता येते.

तिसरी तक्रार: पट्टा. विमानाची चाके टेकली की खटाखट पट्टे सुटल्याचे आवाज येतात. विमान अजून धावत असते आणि निम्मे प्रवासी उभे असतात. पट्ट्याची खूण विझेपर्यंत पायलटला अचानक ब्रेक लावावा लागू शकतो. त्या वेळी उभा माणूस आणि वरून निसटलेली बॅग, दोन्ही दुसऱ्याच्या अंगावर जातात. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना एक विमान आपटले. ३०७ पैकी तिघींचा मृत्यू झाला. त्यांतल्या दोघींनी पट्टा बांधलेला नव्हता आणि त्या विमानाबाहेर फेकल्या गेल्या.

आकाशातही पट्टा तितकाच लागतो. मे २०२२ मध्ये मुंबईहून दुर्गापूरला जाणारे विमान उतरण्याच्या बेतात असताना हवेच्या हेलकाव्यांत सापडले आणि अनेक जण जखमी झाले. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला असाच तडाखा बसला. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येकांच्या डोक्याला आणि मणक्याला मार बसला. असा हेलकावा स्वच्छ आकाशातही येतो, रडारवर दिसत नाही. सीटवर बसला आहात तोवर पट्टा बांधलेला असू द्या, खूण पेटलेली असो वा नसो. तो पोटावर घेऊ नका, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट बसू द्या. आणि एकदा तो उघडूनही पाहा. मोटारीच्या पट्ट्याला बटण असते, विमानाच्या पट्ट्याची पट्टी वर उचलावी लागते. घाबरलेला हात मोटारीच्या सवयीने बटण शोधत राहतो.

चौथी तक्रार: मास्क. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात हवेचा दाब राखला गेला नाही. मास्क खाली आले, तीसएक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. म्हणजे हे आपल्या रोजच्या मार्गांवरही घडते. त्याच वर्षी अमेरिकेत एका विमानाचे इंजिन फुटून खिडकी निखळली. तिथल्या छायाचित्रात कित्येकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला दिसतो, नाक उघडेच. ही सगळी माणसे ती सूचना पूर्वी ऐकून चुकली होती.

पस्तीस हजार फुटांवर दाब गेला तर माणूस अर्ध्या ते एक मिनिटात भान हरपू लागतो. त्याला ते कळतही नाही, उलट सगळे ठीक आहे असे वाटत राहते. म्हणून मास्क आला की आधी जोरात खाली ओढा. ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरू होत नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाका, पट्टी डोक्यामागे घ्या. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. विमान वेगाने खाली जाऊ लागेल. ते कोसळते आहे असे समजू नका, पायलट तुम्हाला श्वास घेता येईल अशा उंचीवर आणत असतो. आणि आयांनो, ‘आधी स्वतःला, मग मुलाला’ हे तुमच्या मनाला पटत नाही, मला ठाऊक आहे. पण तुम्ही शुद्धीवर राहिलात तर काही सेकंदांत मुलाला मास्क लागेल. तुम्ही कोसळलात तर मूल तुम्हाला मास्क लावू शकणार नाही.

पाचवी तक्रार: लाईफ जॅकेट. काही जण ते आठवण म्हणून घरी घेऊन जातात. त्या सीटवर पुढे कुणीतरी बसणार असते. याहून वाईट शब्द मला सापडत नाही, म्हणून एवढेच म्हणते की ही चोरी आहे आणि ती एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. वापरण्याबद्दल एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जॅकेट विमानाच्या आत फुगवायचे नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये अपहरण झालेले इथिओपियाचे विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले. १७५ पैकी १२५ जण गेले. अनेकांनी जॅकेट आतच फुगवले होते. आत पाणी शिरले तेव्हा फुगलेल्या जॅकेटने त्यांना छताकडे ढकलले आणि दारापर्यंत खाली बुडी मारता आली नाही. जॅकेट आत अंगावर चढवायचे आणि दाराबाहेर पाय टाकताना फुगवायचे.

सहावी तक्रार: आपत्कालीन दाराजवळच्या सीट तुम्ही पाय पसरायला म्हणून घेता. जास्त पैसे भरलेत हे मान्य, पण त्या सीटसोबत काम येते. मँचेस्टरच्या त्या विमानात पंखावरच्या दाराशेजारी बसलेल्या प्रवासी तरुणीने घाईत दाराच्या मुठीऐवजी सीटचा हात ओढला होता, आणि मग सुटलेले दार तिच्याच अंगावर पडले. तिला कुणी आधी नीट समजावले नव्हते. आता आम्ही समजावतो, तर तुम्ही कानातले हेडफोन काढत नाही. त्या ओळीत बसणाऱ्याने दार उघडण्यापूर्वी बाहेर आग आहे का ते पाहायचे असते, आग असेल तर दार बंदच ठेवायचे असते, आणि उघडल्यावर आधी स्वतः वाट मोकळी करायची असते. गुडघे दुखणाऱ्या आईला आराम मिळावा म्हणून ती सीट घेऊ नका. क्रूने तुम्हाला तिथून उठवले तर अपमान समजू नका.

सातवी तक्रार मुलांबद्दल आणि वडीलधाऱ्यांबद्दल आहे. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला झालेल्या अपघातात आईवडिलांच्या मांडीवरच्या बाळांना, त्या वेळच्या नियमाप्रमाणे, जमिनीवर ठेवून धरायला सांगितले गेले. त्यातले एक मूल गेले. त्या विमानातल्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी नंतर कितीतरी वर्षे बाळांना स्वतंत्र सीट मिळावी म्हणून लढा दिला. आदळण्याच्या जोरात मांडीवरचे मूल कुणाच्याही हातात राहत नाही, आई कितीही ताकदवान असो. परवडत असेल तर बाळासाठी वेगळी सीट घ्या आणि विमानात चालणारी मान्यताप्राप्त बेबी सीट वापरा. ते जमत नसेल तर क्रू देतो तो बाळाचा छोटा पट्टा तुमच्या पट्ट्याला अडकवून घ्या. दोघांभोवती एकच पट्टा कधीही बांधू नका.

परदेशी असलेल्या मुलामुलींना वेगळे सांगते. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा लंडनला निघालेले आईबाबा पुष्कळदा पहिल्यांदाच विमानात बसतात. तुम्ही त्यांना व्हीलचेअर, शाकाहारी जेवण, इमिग्रेशनची उत्तरे, सगळे समजावता. त्यातच आणखी पंधरा मिनिटे काढा. दोघांच्या सीट शेजारी शेजारी घ्या. पट्टा कसा उघडतो, मास्क कसा ओढतो, ते व्हिडिओ कॉलवर दाखवा. ‘ब्रेस’ म्हणजे डोके खाली, ‘इव्हॅक्युएट’ म्हणजे सामान सोडून बाहेर, हे दोन शब्द त्यांना पाठ करून द्या. ब्रेस म्हणजे पुढे वाकून डोके समोरच्या सीटच्या पाठीला टेकवायचे, हात डोक्यावर घ्यायचे, एकमेकांत गुंफायचे नाहीत, आणि पावले जमिनीवर गुडघ्यांच्या किंचित मागे घट्ट टेकायची. जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ झालेल्या अपघातात वाचलेल्यांच्या जखमा तपासून डॉक्टरांनी ही बसण्याची रीत सुधारली. डोके जपले तर शुद्ध राहते आणि पाय जपले तर चालता येते. बाहेर पडायला दोन्ही लागतात.

कपड्यांबद्दलही आईला सांगा. नायलॉन, पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. सुती कपडे, शक्यतो सलवार-कमीज, आणि पायात पट्ट्याचे बूट. साडीच नेसायची असेल तर सुती, आणि पदर खोचलेला. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बूट काढून बसू नये, कारण धावपट्टीवर काचा असतात, तापलेला पत्रा असतो. उंच टाचा मात्र घसरगुंडीवर जाण्यापूर्वी काढाव्यात.

आठवी आणि शेवटची तक्रार: तुम्ही क्रूला वाढपी समजता. चहा-कॉफी देणे हे आमच्या कामातले सगळ्यात कमी महत्त्वाचे काम आहे. आम्हाला नोकरीवर घेतात ते दार उघडायला, आग विझवायला, बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणायला, आणि हे सगळे आम्ही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा परीक्षा देऊन सिद्ध करतो. १९८६ साली मुंबईहून निघालेल्या पॅन अॅमच्या विमानाचे कराचीत अपहरण झाले, तेव्हा गोळीबारात दार उघडून प्रवाशांना बाहेर काढणारी आणि त्यात प्राण देणारी नीरजा भनोत केबिन क्रूचीच होती. तिला अशोक चक्र मिळाले. आणीबाणीत आम्ही ओरडू, हात धरून ओढू, प्रसंगी दारातून ढकलू. ‘कृपया’ म्हणणार नाही. त्या आवाजाचा राग धरू नका, तो आम्हाला शिकवलेला असतो, कारण घाबरून गोठलेल्या माणसाला मोठ्या आवाजातला, छोटासा, एकच हुकूम ऐकू येतो. बाहेर पडल्यावरही ऐका. विमानापासून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दूर जा, एकत्र राहा, अग्निशमन गाड्यांची वाट सोडा. चित्रीकरण करत विमानाजवळ थांबू नका.

तुमचीही एक तक्रार आहे आणि ती रास्त आहे. आता नांदेड, जळगाव, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, सिंधुदुर्ग इथून विमाने उडतात, आणि ज्यांच्या घरात आजवर कुणी विमान पाहिले नव्हते अशी माणसे त्यांत बसतात. त्यांना सुरक्षेची माहिती हिंदी आणि इंग्रजीत सांगितली जाते, तीही भरभर. सुरेश प्रभू नागरी विमान वाहतूक मंत्री असताना, २०१८ च्या अखेरीस, विमानतळांवरच्या उद्घोषणा आधी स्थानिक भाषेत व्हाव्यात असे निर्देश निघाले. पण आपत्कालीन दार विमानतळावर नाही, विमानात शोधायचे असते. म्हणून महाराष्ट्रातून सुटणाऱ्या आणि महाराष्ट्रात उतरणाऱ्या प्रत्येक विमानात सुरक्षेची माहिती मराठीतही मिळाली पाहिजे, सीटच्या खिशातले सेफ्टी कार्डही मराठीत असले पाहिजे. ही मागणी तुम्ही करा. प्रवास झाल्यावर कंपनी अभिप्राय मागते तेव्हा हे लिहा. जेवणाबद्दल लिहिण्याआधी हे लिहा.

शेवटी क्रूची एक सवय तुम्हाला देते. उड्डाणापूर्वी आणि उतरण्यापूर्वी आम्ही आमच्या सीटवर गप्प बसलेले दिसतो, तेव्हा आम्ही मनात उजळणी करत असतो. माझे दार कुठले? ते कसे उघडते? बाहेर काय पाहायचे? हुकूम कुठला द्यायचा? ऐन वेळी विचार करायला सवड नसते, म्हणून तो आधीच करून ठेवायचा असतो. तुम्हीही तेवढे अर्धे मिनिट काढा. पुढे किती ओळी, मागे किती ओळी, पट्टा घट्ट आहे का, बूट पायात आहेत का, शेजारच्या आजोबांना हात कोण देणार. विमानप्रवास हा अतिशय सुरक्षित प्रवास आहे आणि बहुतेकांना ही उजळणी आयुष्यात कधी वापरावी लागणार नाही. पण ज्यांना लागेल त्यांना आधी कळवले जाणार नाही.

म्हणून हात जोडून सांगते: माहिती ऐका, ओळी मोजा, आणि वेळ आली तर बॅग तिथेच सोडून चालू पडा. तुमच्या मागे रांग उभी आहे.



आपली नम्र,
एक निवृत्त केबिन क्रू प्रशिक्षक
पुणे